ड्रायव्हरचं नाव छापतो, मालकाचं का नाही?

मंडळी, आज स्वतःच्याच धंद्याबद्दल लिहितोय. परवा न्हावरा फाट्यावर चहा पिताना एक जण म्हणाला, "पत्रकार, तुम्हाला ड्रायव्हर सोडून कुणी दिसत नाही का?" राग आला. घरी येऊन जुनी कात्रणं काढली अन् गप्प बसलो. शिरूर असो की दौंड, अपघाताच्या माझ्या बातमीचा शेवट ठरलेला: 'चालकाविरुद्ध गुन्हा दाखल करण्यात आला आहे.' गाडी कुणाची? 'एका खासगी कंपनीची.' अशाच कंपनीने शाळेला चार बेंच दिले की नाव, लोगो, साहेबांचा फोटो, सगळं ठळक.

काही वर्षांपूर्वी कंपनीचा माल नेणाऱ्या गाडीने दुचाकीवरच्या नवरा-बायकोला उडवलं. मी बातमीत कंपनीचं नाव लिहिलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून फोन आला, "त्यांची जाहिरात असते, नाव काढू." काढलं. दुसऱ्या दिवशी मयताच्या भावाचा फोन, "दादा, कंपनीचं नाव राहिलं का हो?" छापताना राहिलं असेल, म्हणालो. खोटं बोललो.

ड्रायव्हरची बाजू घेत नाही, गैरसमज नको. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ दारू प्यायलेल्या चालकाने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर घातला. तिघं गेली, त्यात दोन चिमुकली. पोटासाठी अमरावतीकडून आलेली माणसं. त्या चालकाला काय माफी द्यायची? पण चालकाच्या हातात स्टिअरिंग कुणी दिलं, हाही प्रश्न आहेच ना.

रांजणगाव एमआयडीसीतून निघणारा कंटेनर बघा. माल वेळेत पोचला नाही तर ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे कापणार, तो ड्रायव्हरचे कापणार. खडीच्या डंपरला खेपेवर पैसे. जितक्या खेपा तितकी कमाई, मग झोप कुठली? उसाच्या सीझनला चौफुला-न्हावरा रस्त्याने रात्री जाऊन बघा. डबल ट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर गाण्यांचा दणका. पोरगं टनावर पैसे घेतं अन् कारखाना म्हणतो, गाडी आमची नाही. कुरकुंभच्या केमिकलच्या टँकरचंही तेच. तिथं गेटच्या आत काय चालतं ते तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याचे पोलीस येऊन शेकडो किलो मेफेड्रोन पकडेपर्यंत आपल्याला कळलं नव्हतं! टँकर कोण विचारतो?

कायदा नाही असं नाही. वाहतूक कामगाराला दिवसाला आठ तास काम, हे १९६१ च्या कायद्यानेच ठरवलं होतं. ओव्हरलोडला वीस हजार दंड अन् वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, आणि तो फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही. मोटार वाहन कायद्यात कलम १९९ आहे. त्या कायद्याखालचा गुन्हा कंपनीकडून घडला तर कारभार बघणारा माणूसही दोषी. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. इतक्या वर्षांत आपल्याकडच्या एकाही एफआयआरमध्ये हे कलम मी वाचलेलं नाही. कुणाच्या हाती लागलं असेल तर दाखवा, मला आनंदच होईल.

कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये पोर्शेने दोघांचा जीव घेतला. राज्यभर ओरड झाली तेव्हा गाडी देणाऱ्या बापालाही अटक झाली. म्हणजे मनात आणलं तर हात वरपर्यंत पोचतो. जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'ला दहा वर्षं शिक्षेच्या तरतुदीवरून ड्रायव्हरांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, आपण त्यांना शिव्या घातल्या. त्या भांडणात मालक लोक कुठे होते, हे तेव्हा मीही विचारलं नाही.

तर आता ठरवलंय. अपघाताच्या बातमीत गाडी कुणाच्या नावावर अन् माल कुणाचा, हे कागद बघून लिहिणार. पेपरने काढलं तर इथं टाकणार. तुम्ही एक करा. अपघात दिसला तर आधी जखमीला उचला, १०८ ला फोन लावा. नंतर गाडीचा नंबर अन् दारावरच्या नावाचा फोटो मला इनबॉक्स करा. मयताचे फोटो मात्र पाठवू नका, ग्रुपवरही फिरवू नका.

त्या मयताच्या भावाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. ही पोस्ट त्याला पाठवतोय.