पन्नास वर्षे राहून गेलेला शेवट

दादांचा नातू अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे बावधनला राहतो. त्याच्या खोलीच्या भिंतीवर 'ब्लेड रनर' या इंग्रजी विज्ञानपटाचे भले मोठे पोस्टर आहे. चित्रपट १९८२ चा, म्हणजे पोराच्या जन्माच्याही कितीतरी आधीचा. यात एवढे काय आहे, असे मी एकदा सहज विचारले. त्यावर तो म्हणाला, "छोटे आजोबा, कोणता ब्लेड रनर? त्याच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत."

मग तासभर माझी शिकवणी झाली. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी केलेला चित्रपट लोकांना कळणार नाही, अशी धास्ती पैसे घालणाऱ्यांनी घेतली. म्हणून नायकाच्या आवाजात निवेदन घातले गेले आणि शेवटी एक सुखान्त जोडला गेला. त्या सुखान्तातील डोंगरांची दृश्ये तर 'द शायनिंग' या दुसऱ्याच चित्रपटाच्या शिल्लक चित्रीकरणातून घेतलेली होती! पुढे १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रगृहात चुकून जुनी कच्ची प्रत दाखवली गेली आणि आपण पाहिला तो चित्रपट वेगळाच होता, हे चाहत्यांच्या ध्यानात आले. १९९२ मध्ये दिग्दर्शकाची म्हणून एक प्रत निघाली, पण स्कॉट यांचे पूर्ण समाधान झाले ते २००७ च्या आवृत्तीने. पंचवीस वर्षे माणसे एका चित्रपटाच्या खऱ्या रूपाची वाट पाहत राहिली.

मी बँकेतला माणूस. ताळेबंदावर सही झाली की विषय संपला, अशी माझी घडण. रिकामपणाचे उद्योग आहेत झाले, असे मी मनात म्हणालो. परंतु हा तोरा फार दिवस टिकला नाही, कारण या डिसेंबरच्या १२ तारखेला 'शोले' त्याच्या मूळ शेवटासह चित्रगृहांत येत आहे, हे कळल्यापासून मीही त्याच रांगेत उभा आहे.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. आणीबाणी लागून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला सेन्सॉरला मान्य होईना. तेव्हा शेवट पुन्हा चित्रित झाला: ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. देशाने पन्नास वर्षे हाच शेवट पाहिला. परदेशात निघालेल्या व्हिडिओ प्रतींवर काहींनी मूळ शेवट पाहिला होता खरा. पण मोठ्या पडद्यावर, शेजारी शंभर माणसे श्वास रोखून बसलेली असताना पाहणे, ही गोष्ट निराळी.

त्या वर्षी मी सोळा वर्षांचा होतो, पुण्यात नुकताच महाविद्यालयात दाखल झालेला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. तालुक्याच्या गावी वडिलांबरोबर किराणा दुकान पाहत. भवानी पेठेत माल भरायला ते आले होते आणि काम लवकर आटोपल्यामुळे मला चित्रपटाला घेऊन गेले. परतताना मी चिडलेलो होतो. एवढा सगळा सूड आणि शेवटी पोलीस? दादा शांतपणे म्हणाले, "आले ते बरे झाले. नाहीतर ठाकूर आणि गब्बर यांच्यात फरक तो काय उरला असता?"

हे वाक्य माझ्या लक्षात राहिले ते नंतरच्या घटनांमुळे. १९८६ मध्ये दादांच्या भागीदाराने त्यांना मोठ्या रकमेला फसवले. गावात चार माणसे अशी होती की, दादांनी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी 'वसुली' करून दिली असती. दादांनी मान हलवली नाही. ते न्यायालयात गेले आणि अकरा वर्षे तारखांना जात राहिले. मधल्या काळात त्यांचे वकील एका विशिष्ट वर्षाचा रोजमेळ मागू लागले. खतावणी होती, पण मूळ नोंद ज्यात होती तो रोजमेळ सापडेना. सापडणार कसा? दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो असताना माळा साफ करण्याच्या उत्साहात जुन्या वह्यांचा एक गठ्ठा मीच रद्दीत घातला होता. मी, बँकेचा अधिकारी! प्रकरण शेवटी तडजोडीवर मिटले आणि हाती आली ती रक्कम थोडकी होती. दादांनी त्या गठ्ठ्याचा उल्लेख आजतागायत केलेला नाही. तो त्यांनी केला असता तर मला बरे वाटले असते.

म्हणूनच या नव्या 'शोले'च्या बातम्यांत माझे मन गुंतले ते नटांपेक्षा डब्यांत. हे काम मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी कुटुंबाच्या साहाय्याने केले. मूळ ७० मिलिमीटरची एकही प्रत शिल्लक नव्हती. मुंबईच्या एका गोदामात ओळखचिठ्ठ्या नसलेले डबे मिळाले आणि त्यांतून मूळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह निघाल्या. आणखी काही रिळे इंग्लंडमधील गोदामातून आली. इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम झाले आणि त्याच शहराच्या भव्य चौकात, उघड्या आकाशाखाली, २७ जून २०२५ रोजी हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. मूळ शेवट परत आलाच, शिवाय वगळलेले दोन प्रसंगही. कोणीतरी, कधीतरी, ते डबे फेकले नाहीत. बाकी सारे त्यानंतरचे.

फिल्म ही मोठी नाशवंत वस्तू आहे. सुरुवातीच्या काळातील नायट्रेटची फिल्म भडकन पेटते. नंतरची ॲसिटेटची पेटत नाही, पण उष्ण, दमट हवेत कुजते आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आपल्या पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवून जपली. तरीही २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेटची कितीतरी रिळे जळून गेली. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील बहुतेक आज कोणालाही पाहता येणार नाहीत. त्यांना दिग्दर्शकाची आवृत्तीही नाही आणि सेन्सॉरचीही नाही.

या संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. तिथे १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपल्या सर्वांची आवडती कथा मूळ संहितेत ठरत नाही, असा संपादकांचा निर्णय झाला. पण त्यांनी ती केराच्या टोपलीत टाकली नाही, परिशिष्टात छापली. पाठभेद तळटीपांत दिले. मला ही रीत फार सचोटीची वाटते. 'शोले'च्या नव्या आवृत्तीला 'द फायनल कट' असे नाव दिले आहे. 'अंतिम' असा शिक्का मारलेल्या फायलीमागून 'अंतिम सुधारित' फाईल येताना मी आयुष्यभर पाहिली आहे, तेव्हा त्या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. दिग्दर्शकाला हवा होता तो शेवट दाखवावाच. परंतु पोलीस येतात तो शेवटही जपून ठेवावा. तो खोटा असेल, तरी १९७५ चा तोच खरा दस्तऐवज आहे. सरकारला त्या वर्षी कशाची भीती वाटत होती, हे त्या दोन-तीन मिनिटांत नोंदले गेले आहे.

दादांना हा सारा तपशील मी फोनवर सांगितला. पोलिसांचा शेवट लादलेला होता हे त्यांना ठाऊक नव्हते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मला जे पटले होते, ते सेन्सॉरने सुचवलेले होते तर!" आणि मोठ्याने हसले. मी म्हटले, "दादा, तुम्ही तर तसे वागून दाखवलेत. तुम्हाला कोणी सुचवले होते?" त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

मूळ शेवट हिंसक आहे, तुम्हाला रुचणार नाही, असेही मी सांगून पाहिले. परंतु नातवाने आजोबांना आधीच सगळे सांगून ठेवले होते. गब्बर मेल्यावर ठाकूर रडतो म्हणे. "तेच मला पाहायचे आहे," दादा म्हणाले. "मारल्यावर त्याच्या हाती काय लागले, ते."

२४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. त्या संध्याकाळी दादांचा पुन्हा फोन आला. तिकिटे काढलीस का, एवढेच विचारायला. चित्रपट तीन तासांहून मोठा, आणि दादांचे जेवण सूर्यास्तापूर्वी. शिवाय गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. त्यामुळे नातवाने पहिल्या दिवसाचा सकाळचा खेळ पाहावा आणि कडेच्या तीन खुर्च्या धराव्यात, असे ठरले आहे. आदल्या दिवशी दादा एस.टी.ने येतील. चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून कोणती गाडी कुठे थांबते ते मला अजून नीटसे उमगलेले नाही, म्हणून त्यांना उतरवून घ्यायला नातवालाच पाठवणार आहे.