फरक सापडेपर्यंत

घरातला संगणक बिघडला की घरातल्या माणसांचे स्वभाव उघडे पडतात, असे माझे अलीकडचे मत झाले आहे. चिरंजीव बंगळुरूहून फोनवर सांगतात, "बाबा, एकदा बंद करून परत चालू करा." सूनबाईंचे म्हणणे, सरळ नवा लॅपटॉप मागवू या. सौभाग्यवती विचारतात, "हाताने लिहीत होतात तेव्हा काय अडलं होतं?" आणि ज्याचा संगणक, तो बिचारा पडद्यावर गरगर फिरणाऱ्या चक्राकडे अपराध्यासारखा पाहत बसतो.

आमचा संगणक २०१५ सालचा. निवृत्तीनंतरचे माझे सारे लेखन त्याच्यावरच झाले. पावसाळ्यात त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी चालू करावा, तर बँकेचे संकेतस्थळ उघडेना. हे ठिकाण सुरक्षित नाही, असा इशारा येई. टपालही तीच तऱ्हा. मग एके दिवशी नव्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणेच दिसेनात! मी एकेक प्रकरण वेगळ्या फायलीत ठेवतो. यादीत सगळ्यात वर ताजे लिखाण असायला हवे, तिथे पंधरा दिवसांपूर्वीचे प्रकरण बसलेले. पोटात गोळा आला.

दुरुस्तीसाठी एक मुलगा घरी आला. अर्धा तास त्याची बोटे भराभर चालली, सगळी संकेतस्थळे उघडू लागली, तो चारशे रुपये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग दुसरा आला. त्याने खुर्चीवर न बसताच निदान केले, "काका, मशीन म्हातारं झालंय. फॉरमॅट मारू, नाहीतर नवीन घ्या." फॉरमॅट म्हणजे आतले सारे पुसून कोरी पाटी. आत माझे अडीच वर्षांचे काम, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही! बँकेत असताना रोजच्या कामाची प्रत काढल्याशिवाय मी कुणाला घरी जाऊ दिले नव्हते. स्वतःच्या घरी मात्र आजचे उद्यावर ढकलत राहिलो. त्या मुलाला चहा पाजून परत पाठवले.

मी १९८२ साली बँकेत लागलो, तेव्हा सारा कारभार जाडजूड लेजरांत चाले. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ साली दिला, तरी आमच्या तालुक्याच्या शाखेत यंत्र यायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर बॅलन्सिंगच्या दिवशी जमा-नावेचा मेळ बसल्याशिवाय कुणी जागचे हलत नसे. आमचे अकाउंटंटसाहेब फरकाला आधी नऊने भागायला लावत. नि:शेष भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. त्र्याण्णवच्या जागी एकोणचाळीस लिहिले की फरक बरोबर चोपन्न येतो. तसे नसेल, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडली असेल. रात्रीचे दहा वाजत, बायका-मुले वाट पाहत. पण फरक सापडत नाही म्हणून नवे लेजर मागवा, असे कुणी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

माझ्या संगणकाचा फरक सापडला तो मला नव्हे, सौभाग्यवतींना. त्या दिवशी अंगारकी. उपासाची साबुदाण्याची खिचडी टेबलावर ठेवता ठेवता त्यांचे पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. "अहो, आज मंगळवार ना? मग हा गुरुवार कसा दाखवतोय?" पाहिले, तर १ जानेवारी २०१५!

रोज सकाळी शाखेत गेल्यावर तारखेचा शिक्का बदलणे हे पहिले काम. ते मी वर्षानुवर्षे केले. आणि पंधरा दिवस समोर दिसणारी चुकीची तारीख मला दिसली नव्हती.

मग उलगडा झाला. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची एक चपटी बॅटरी असते. वीज बंद असताना आतले घड्याळ ती चालू ठेवते. ती संपली होती, आणि आम्ही काटकसरी माणसे रात्री भिंतीवरचे बटण बंद करून झोपणार! त्यामुळे रोज सकाळी संगणक दहा वर्षे मागे जाऊन जागा होई. प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर मुदत असते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. आमच्या संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती. पुढच्या तारखेचा चेक कॅशियरने परत करावा, तसा तो सारे परत करत होता. हरवलेली प्रकरणेही सापडली, यादीच्या अगदी तळाशी. २०१५ची तारीख पडल्यामुळे ती सगळ्यात जुनी ठरली होती. म्हणजे ज्याला मी आठवडाभर शिव्या घातल्या, तो तारीख चुकलेली असतानाही आपले कर्तव्य चोख बजावत होता.

बॅटरी पन्नास रुपयांच्या आत आली. पहिल्या मुलाने जाता जाता घड्याळ बरोबर लावले होते, हेही मग लक्षात आले. ते मागे का पडले, एवढेच त्याने विचारले नव्हते. त्याला तरी काय दोष द्यायचा? दिवसाला दहा घरे करणाऱ्याला 'का' विचारायला फुरसत कोण देतो? २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते चांगलेच झाले. पण हक्काच्या आधी दुरुस्तीची वृत्ती लागते. खुर्ची ओढून बसावे, कालपासून काय बदलले ते विचारावे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. 'जुने झाले, टाका' हे उत्तर सोपे असते, आणि त्याची सवय फार लवकर लागते. ती फक्त यंत्रांपुरती राहील, अशी खात्री साठी उलटलेल्या माणसाला तरी वाटत नाही.

असो. आता कादंबरीची एक प्रत धाकट्या बहिणीच्या घरी, तिच्या कपाटात असते. आज रविवार आहे; तुम्हीही घरातले फोटो, कागदपत्रे यांची एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवावी, अशी विनंती. आणि रोज सकाळी संगणक लावला की मी आधी कोपऱ्यातली तारीख पाहतो. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "आज कितवं साल आहे तुमच्याकडे?"