न भुंकणारा कुत्रा

कुत्रा म्हटला की त्याने भुंकले पाहिजे, अशी आपली ठाम समजूत असते. कारवानीच्या बाबतीत ती साफ फसते.

शिकारी कुत्र्यांची मुख्य कुळे दोन. एक नाकाचे. विलायती बीगल जमिनीवरचा वास धरून चालतो आणि वाटभर ओरडून गाव जागे करतो. दुसरे कुळ डोळ्यांचे. मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे खेडोपाडी सांभाळलेला आपला कारवानी आणि त्याचा भाऊबंद मुधोळ हे त्यातले. निमुळते तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट. दूरवर काही हलले, की बाण सुटलाच! धावताना भुंकायला सवड कुठली?

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला राजाश्रय दिला, 2005 साली टपालखात्याने तिचे तिकीट काढले. मानमरातब झाला, स्वभाव मात्र फारसा कुणी विचारात घेतला नाही. हा प्राणी मानी. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. काठी उगारलीत तर मनाला लावून घेतो. आणि जीव लावतो तो मोजक्याच माणसांना.

आमच्या किहीमला मुंबईच्या एका गृहस्थांनी बंगल्याच्या राखणीला असाच एक आणून साखळीला बांधला आहे. "चोर आला तरी हा नुसता बघत बसेल!" ही त्यांची तक्रार. बघणे हाच त्याचा धंदा, हे त्यांना कोणी सांगावे? बरे, मोकळा सोडावा तर तेही जपूनच. सलीम अलींनी 1930 साली जिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला ते हे गाव. किनाऱ्यावरचे पक्षी, कोंबड्या, शेळ्या, जे हलेल त्याच्यामागे हा लागणार, आणि एकदा सुटला की हाक कानात शिरत नाही. ससा धरू द्याल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. तेव्हा उंच कुंपणाच्या आवारात रोज मनसोक्त धाव, एवढाच मार्ग उरतो.

गृहस्थ आता त्याला देऊन अल्सेशियन आणायच्या विचारात आहेत. देणार असाल तर माळ्यालाच द्या, असे मी त्यांना सांगितले आहे. माळ्याची धाकटी शाळेतून आली की हा न बोलावता उठून उभा राहतो, आणि तिच्या हातची भाकरी खातो. शनिवारी मोटारीतून उतरणाऱ्या मालकांसाठी तो अजून एकदाही उठलेला नाही.