गुडघा अर्धा बदलायचा की पूर्ण?

अम्मीचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दोन मिनिटांत सांगितले, "दोन्ही गुडघे पूर्ण बदला." दुसऱ्या डॉक्टरांनी तिला उभे करून पुन्हा एक्स-रे काढला. गुडघ्याचे तीन भाग असतात, तिची झीज फक्त आतल्या बाजूला होती आणि लिगामेंट शाबूत होते. तेवढाच भाग बदलला. याला आता सात वर्षे झाली. अम्मी नमाज खुर्चीवर बसून पढते, पण जिने चढते, बाजारातून भाजी स्वतः आणते.

ऑपरेशनआधी तिचा एकच सवाल होता, "बेटा, हे टिकेल किती?"

२०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. पंचवीस वर्षांनंतर पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकून होते, अर्धवट बदललेल्यांपैकी सुमारे ७० टक्के. हा आकडा ऐकला की कोणीही म्हणेल, मग पूर्णच बदलावा.

मला हा हिशेब अपुरा वाटतो. अर्धवट बदललेला गुडघा पुढे पूर्ण करता येतो. त्यामुळे थोडी तक्रार आली तरी डॉक्टर तो लवकर उघडतात. पूर्ण बदललेला दुखत असला तरी पुन्हा हात लावायला कचरतात. म्हणजे 'टिकला' याचा अर्थ 'सुखाचा आहे' असा होत नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या २७ ठिकाणच्या ५२८ रुग्णांची पाच वर्षांची तुलना प्रसिद्ध झाली. वेदना आणि हालचाल यांत दोन्ही ऑपरेशने जवळपास सारखीच निघाली, अर्धवटचा खर्च कमी आला. त्याआधी, २०१४ साली, एक लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात अर्धवट ऑपरेशननंतर गंभीर गुंतागुंत कमी दिसली, पण पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त जणांवर आली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या मोठ्या खालाचे असेच ऑपरेशन चौथ्या वर्षी पुन्हा करावे लागले. तिच्या डॉक्टरांनी अशी ऑपरेशने वर्षाला दोन-तीनच केली होती, हे आम्हाला नंतर कळले. तेवढ्यानेच बिघडले असे मी म्हणणार नाही. पण अर्धवट गुडघ्यात डॉक्टरांचा हात किती बसला आहे याला मोठे महत्त्व असते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. गरिबाला त्याचा आधार झाला. पण कोणता गुडघा बसवायचा, हे ठरवताना रुग्णाला कोण विचारते? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. प्रत्येक इस्पितळाला अशी नोंद बंधनकारक करणे आपल्याकडेही जरुरीचे आहे. नाहीतर खालासारख्यांचा अनुभव घरातच राहतो.

तोवर आपणच विचारायला शिकले पाहिजे. झीज किती भागांत आहे? अर्धवट बदलून भागेल का? नसेल तर का नाही? आणि डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशने आपण वर्षाला किती करता? वर्गात सवाल विचारणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो. इस्पितळात मात्र आपल्याच आईला "गप्प बस, डॉक्टरांना कळते" म्हणतो. पहिल्या डॉक्टरांसमोर मीही अम्मीला तेच म्हणालो होतो.