चिमटा कोणाच्या हाती?

बंगळूरातले राजाजीनगर म्हटले की जुन्या मराठी माणसाला १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक आठवावी आणि त्याच्या नातवाला ओरायन मॉल, हा कालमहिमा होय. परंतु त्या नातवाने आजोबांना कोरियन पद्धतीचे भाजलेले मांस खाऊ घालण्याचा बेत केलाच, तर त्याला अजूनही बहुधा कम्मनहळ्ळीची वाट धरावी लागते. तेथल्यासारखी कोरियन उपाहारगृहे आज ना उद्या राजाजीनगरातही येतील. माझी चिंता आहे ती येताना ती आपला दस्तूर सोबत आणतील की नाही, याची.

कारण मेजात शेगडी बसविण्याची चाल आपल्याकडे निराळ्या रीतीने रूढ झाली आहे. २००६ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे बंगळूरात मुख्य कचेरी थाटलेल्या बार्बेक्यू नेशनच्या मेजावर एक छोटे निशाण असते, आणि ते खाली करीपर्यंत सेवक पनीर, कोळंबी, कोंबडी यांच्या सळ्या आणून ठेवीतच राहतो. माल बहुतांशी आतूनच भाजून आलेला. शेगडी आपली ऊब राखण्यापुरती. एकदा ठरावीक रक्कम मोजली की भूक मागे पडते आणि वसुली सुरू होते.

कोरियन मेजावर डुकराच्या पोटाकडील मांसाची थराथरांची पट्टी, सम्ग्योप्सल, कच्चीच येते. ती आचेवर टाकणे, वेळेवर उलथणे आणि कात्रीने (होय, कात्रीनेच) तिचे घासाएवढे तुकडे करणे हे काम मंडळींपैकीच कोणी, पुष्कळदा वयाने धाकट्याने, पत्करावयाचे असते. तुकडा लेट्यूसच्या पानावर घेऊन, त्याला आंबविलेल्या सोयाबीनची तिखट चटणी लावून, वर लसणाची पाकळी ठेवून केलेली पुरचुंडी सबंध एकाच घासात खावी, आणि मर्जीतल्या माणसाला स्वहस्ते भरवावी, असा रिवाज आहे. ज्येष्ठाने आरंभ केल्यावाचून धाकट्याने करू नये. मांसाची मागणी बहुधा किमान दोघांपुरती करावी, त्यामुळे एकटा गेलेला इसम दारातच अवघडतो. किमची आदी तोंडीलावणी मात्र मागाल तितक्या वेळा विनामूल्य.

सोलापूरकडची हुरड्याची आगटी ज्याने पाहिली आहे, त्याला यात परके काही वाटू नये. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस हाताला चटके बसत असता चोळून, फुंकर घालून, गरम दाणे पाहुण्यापुढे ओतणारा यजमानही स्वतः मागाहूनच खातो.

कोणी म्हणेल, कोरियातही महागड्या ठिकाणी सेवकच मांस भाजून देतो आणि ‘हवे तितके खा’ची दुकाने तेथेही आहेत. कबूल, पण त्या मेजाची खरी लज्जत तेथे नाही. तडजोडीला मात्र माझी ना नाही: बुल्गोगी हा भाजलेल्या मांसाचा कोरियन प्रकार मूळचा गोमांसाचा, येथे तो डुकराचा वा कोंबडीचा केला तरी फारसे बिघडत नाही. शाकाहारी आत्यासाठी अळिंबी आणि वांग्याचे काप भाजावयास निराळा तवा ठेवावा, हेही रास्तच. नवख्या हातून कोंबडी कच्ची राहील ही चालकांची भीती अनाठायी नाही, सबब पहिला घाणा सेवकाने दाखवून द्यावा. दुसऱ्या घाण्याला मात्र चिमटा नातवाच्या हाती देऊन सेवकाने निमूटपणे मागे सरावे, आणि बिल माणशी न लावता मांसाच्या वजनावर लावावे.