कावडीचा देश

सध्या ऑफिसातला कुणीही उठतो आणि व्हिएतनामला जाऊन येतो. आधी बँकॉक-पट्टाया होतं, मग बाली आलं, आता याचा नंबर. मुंबईहून थेट फ्लाइट, घरबसल्या ई-व्हिसा, पाच रात्री सहा दिवस. सोमवारी डेस्कवर नारळाच्या गोळ्या फिरतात आणि मोबाइलवर तेच तीन फोटो : हा लाँग बेमधली बोट, शंकूच्या टोपीतला सेल्फी आणि दा नांगजवळचा तो दोन अवाढव्य हातांनी उचलून धरलेला पूल. ‘कसा आहे रे देश?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘भन्नाट! पण ट्रॅफिक जाम डेंजर.’

एवढंच? अहो, दहा कोटींहून जास्त माणसं राहतात तिथे. आकाराने तो देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठा, ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर (आपण ३ लाख ८ हजार). महाराष्ट्राला कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ताणलंय असं समजा. उत्तर-दक्षिण १६५० किलोमीटर लांब आणि सगळ्यात चिंचोळ्या जागी जेमतेम ५० किलोमीटर रुंद. म्हणजे समुद्रावर नाश्ता करून निघालात, तर जेवायच्या आधी लाओसची सरहद्द.

नकाशात आपल्याला इंग्रजी ‘एस’ दिसतो. व्हिएतनामी लोकांना दिसते कावड. खांद्यावर बांबू आणि दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या. वरची टोपली म्हणजे लाल नदीचा त्रिभुज प्रदेश, तिथे हनोई. खालची टोपली मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, तिच्या तोंडाशी सायगॉन. आणि मधला बांबू? एका बाजूला त्रुओंग सन डोंगररांग, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि दोघांच्या कचाट्यात उरलेली वाळूची-खडकाची पट्टी. पॅकेज टूर टोपल्या दाखवते. बांबूवरून विमानाने उडी मारते, फार तर पुलावरच्या फोटोपुरती मधे उतरते. माझं म्हणणं असं की देश कळायचा असेल तर बांबू बघा.

तरी आधी टोपल्या उरकून घेऊ. हनोई १०१० साली राजधानी झाली, म्हणजे शहर हजार वर्षांचं. त्याआधी जवळपास हजार वर्षं हा भाग चीनच्या ताब्यात होता, तो ९३८ मध्ये सुटला. त्यामुळे देवळं, परीक्षा, वडीलधाऱ्यांचा मान, सगळ्यावर चिनी छाप, आणि तरी चीनचं नाव काढलं की कपाळाला आठी. इथे खरी थंडी पडते, जॅकेट लागतं. माणसं मोजून-मापून बोलणारी, जुन्याचा अभिमान बाळगणारी, आपल्या शहरातलं ‘फो’ सूप हेच खरं, बाकी सगळी नक्कल, असं ठामपणे मानणारी. (पुणेकरांनी कृपया पत्रं पाठवू नयेत.) सायगॉन त्यामानाने कालचं पोर. ख्मेर लोकांच्या मुलुखात व्हिएतनामी अंमल बसला तो १६९८ च्या सुमारास. बारा महिने उकाडा, मेकाँगकाठी वर्षाला भाताची तीन-तीन पिकं, पैसा येतो-जातो, उद्याचं उद्या बघू. १९७६ पासून शहराचं अधिकृत नाव हो चि मिन्ह सिटी आहे, पण बोलताना अर्ध्याहून अधिक लोक अजून सायगॉनच म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता बांबू.

शाळेत सह्याद्रीची पर्जन्यछाया शिकलो होतो ना? ढग कोकणात रिकामे होतात आणि घाटावर नुसता वारा येतो. इथे तेच, फक्त उलट्या बाजूने. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा मान्सून त्रुओंग सनच्या पलीकडे लाओसात बरसून मोकळा होतो आणि डोंगर उतरून अलीकडे येतो तो कोरडा, तापलेला वारा. लोक त्याला ‘लाओ वारा’ म्हणतात. त्यात भात करपतो, पारा चाळीसला जातो. मग सप्टेंबरनंतर वारे फिरतात, समुद्रावरून ढग येतात, डोंगराला अडतात आणि उत्तर-दक्षिण कोरडी पडत असताना मधला पट्टा बुडतो. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ह्वे शहराजवळच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आपल्या २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, तेवढ्यावरून अंदाज घ्या. ह्वे आणि होई आन, दोन्ही गावं पाण्याखाली. आता कॅलेंडर बघा. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते! एजंट हे सांगत नाही. मध्य व्हिएतनाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा.

या पट्टीवर हजारेक वर्षं दुसराच देश होता. त्याचं नाव चंपा. राजांची नावं भद्रवर्मन, इंद्रवर्मन, शिलालेख संस्कृतात, देव शंकर. होई आनपासून तासाभरावर मी सन नावाचं खोरं आहे, चौथ्या शतकापासून बांधत गेलेली लाल विटांची शिवमंदिरं. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातला सगळ्यात देखणा बुरूज कोसळला. भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीला होती आणि २०२० मध्ये त्यांच्या खोदकामात एकाच वालुकाश्मातून कोरलेलं नवव्या शतकातलं शिवलिंग निघालं.

व्हिएतनामी राज्य उत्तरेकडून खाली सरकत गेलं. १४७१ मध्ये चंपाची राजधानी विजया पडली. पण शेवटचं चाम संस्थान टिकलं थेट १८३२ पर्यंत आणि त्याचं नाव होतं... पांडुरंग! आजच्या फान रांग गावाचं नाव त्याचाच अपभ्रंश. विठोबाशी त्याचा संबंध जोडायला कुणी धावू नये, नाव संस्कृत आहे, एवढंच. मात्र चाम माणसं गेलेली नाहीत. पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत, देशातल्या ५४ अधिकृत जमातींपैकी एक. त्यांच्यातल्या हिंदूंना ‘बालामोन’ म्हणतात, म्हणजे आपला ब्राह्मण शब्दच. शरद ऋतूत केट नावाच्या सणाला ते फान रांगच्या पो क्लाँग गराई देवळावर जमतात. बाकी चाम बव्हंशी मुसलमान आहेत, काही इतक्या जुन्या पद्धतीचे की बाहेरच्या मुसलमानांनाही नवल वाटावं.

जिंकणाऱ्यांनी राजधानीही शेवटी इथेच, बांबूवर केली. १८०२ ते १९४५ देशाचे बादशहा ह्वेला बसत. तिथलं जेवण अजून दरबारी थाटाचं : बशीएवढ्या तांदळाच्या वड्या, दहा प्रकार, प्रत्येक दोन घासांचा. तिखटपणात मात्र अख्ख्या देशात पहिला नंबर. त्याच ह्वेमध्ये १९६८ च्या तेत हल्ल्यात महिनाभर गल्लोगल्ली लढाई झाली आणि राजवाड्याचा बराच भाग जमीनदोस्त झाला. तिथून वर गेलं की बेन हाय नदी. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे केले ते या नदीवर. हिएन लुओंग पूल अर्धा निळा, अर्धा पिवळा रंगवलेला आहे, उभे राहाल तिथून रंग बदलतो. शेजारी विन्ह मोक नावाचं कोळ्यांचं गाव आहे. वरून बॉम्ब पडायला लागल्यावर अख्खं गाव जमिनीखाली राहायला गेलं. विहिरी, मुदपाकखाना, बाळंतिणीची खोली, सगळं भुयारात. १७ मुलं तिथे जन्मली. आणि क्वांग त्रिच्या शेतांत न फुटलेले बॉम्ब आजही काढले जातात. नांगर टाकताना भीती वाटावी अशी जमीन, ती पण पोटाला पुरत नाही अशी.

इथे तो फॉरवर्ड घेऊन टाकतो, कारण तुम्ही विचारणारच. ‘अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामने शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेतली, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर मावळा असं लिहिलंय.’ दर शिवजयंतीला येतो. आधार आजवर कुणी दाखवलेला नाही. हनोईतल्या समाधीच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढंच कोरलंय. मला या फॉरवर्डचा राग येतो तो दुसऱ्या कारणाने. आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या भिंतीवर आपल्या राजाची तसबीर शोधतो आणि त्याने लावलेली बघत नाही.

तसबीर आहे क्वांग त्रुंगची. ताय सन गावचे तीन भाऊ, तेही याच मधल्या पट्टीतले. १७७१ मध्ये बंड करून उठले. धाकट्याने ह्वेला स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि हनोईत येऊन बसलेल्या चिनी फौजेवर चालून गेला. सैनिकांना सांगितलं, तेत म्हणजे आपला नववर्षाचा सण या वेळी आधीच साजरा करा. १७८९ च्या तेतमध्ये चिनी छावणी जेवणावळींत दंग असताना त्याने हल्ला चढवला आणि फौज उधळून लावली. इकडे महादजी शिंदे दिल्लीच्या कारभारात गुंतले होते, तेव्हाची गोष्ट. गनिमी कावा त्यांना कुणाकडून आयात करावा लागला नाही. हो चि मिन्ह आणि फ्रेंचांना दिएन बिएन फूला हरवणारे जनरल ज्याप, दोघेही जन्मले याच नापीक पट्टीत. पिकत काही नाही, तेव्हा पोरांना शिकवा नाहीतर बाहेर पाठवा, हा इथला फंडा.

त्यांची बोली मात्र देशभर चेष्टेचा विषय. ‘कुठे’ला इतर लोक जे म्हणतात ते सोडून हे ‘मो’ म्हणतात, ‘का’ला ‘रांग’. हनोईच्या ऑफिसात न्गे आनकडचा नवा मुलगा फोनवर आईशी बोलायला लागला की बाकीचे गालातल्या गालात हसतात. मालवणी किंवा अहिराणी घरात बोलून मुंबई-पुण्यात नोकरीला लागलेल्यांना हे समजावून सांगायला नको. नोकरीसाठी बोली घासून गुळगुळीत करायची आणि तेतला गावी जाऊन पुन्हा खडबडीत करायची, हे तिथेही चालतं.

एकूणच व्हिएतनामी बोलणं म्हणजे नात्यांचं गणित. रोजच्या बोलण्यात सरसकट ‘मी’ आणि ‘तुम्ही’ नाहीतच. समोरचा थोडा मोठा असेल तर तो ‘आन’, म्हणजे दादा. बाई असेल तर ‘ची’, ताई. लहान असेल तर ‘एम’. काका, आत्या, आजोबा वेगळे. गंमत म्हणजे स्वतःलाही तेच म्हणायचं : ताईशी बोलताना ‘एम जेवून आलाय’ म्हणजे मी जेवून आलोय. म्हणून दोन मिनिटांत वय विचारतात. भोचकपणा नाही, वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही! आडनाव विचारून मात्र काही हाती लागत नाही. दहातले जवळपास चार जण न्गुयेन असतात. आणि लिपी रोमन, डोक्यावर टोप्या घातलेली. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती बसवली. १६५१ मध्ये रोममध्ये शब्दकोश छापणारे अलेक्झांडर द ऱ्होड्स तिकडे जाण्याआधी गोव्यात राहिले होते, जिथे नुकतंच, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. आपल्याकडे देवनागरीच टिकली, त्यांच्याकडे रोमनने चिनी अक्षरांना हद्दपार केलं.

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी एक शब्द : ‘आन चाय’. चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी. अमावास्या-पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक मांस वर्ज्य करतात, आपल्या एकादशीसारखं. त्यामुळे चाय लिहिलेल्या खानावळी सगळीकडे सापडतात आणि मठांचं शहर असल्याने ह्वेमध्ये सगळ्यात चांगल्या. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो, विचारून घ्या. मिठाची कॉफीही ह्वेचीच : घट्ट कडू रोबस्टा, वर खारट-गोड साय. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसरा कप आपणच मागवतो.

आणि विमान सोडून एक टप्पा ट्रेनने करा. हनोई-सायगॉन लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा. फ्रेंचांनी १९३६ मध्ये पूर्ण केला, १९५४ मध्ये देशाबरोबर तुटला, ३१ डिसेंबर १९७६ ला पुन्हा जोडला. सगळा करायला दीड दिवस लागतो, तेवढी रजा कोण देतंय! ह्वे ते दा नांग करा, तीनेक तास. मधे हाय वान घाट लागतो. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. उत्तरेची थंडी इथे अडते, चंपाची हद्दही एके काळी इथेच होती. रस्त्याने जाणारे २००५ पासून सहा किलोमीटरच्या बोगद्यातून सटकतात. गाडी मात्र बोगद्यांतून लपाछपी खेळत डोंगराच्या कुशीने, समुद्राच्या डोक्यावरून जाते. तिकीट काढताना डावीकडची खिडकी मागा. उजवीकडे नुसता डोंगर आहे.