संकष्टीचा चंद्र आणि आमचीं मुलें

संकष्टीच्या रात्रीं पनवेलांत घरोघरीं चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. पौर्णिमेस दिवेलागणीला उगवलेला चांदोमामा आज नऊ वाजत आले तरी कां दिसत नाहीं, असें मूल विचारतें. त्यास ‘पंचांगांत तसें दिलें आहे’ एवढ्यावर गप्प बसविलें जातें. हा त्या मुलावर अन्याय आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. चंद्र पृथ्वीभोवतीं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, म्हणून तो दररोज सरासरी ५० मिनिटें उशिरां उगवतो. चार दिवसांचा उशीर तीन तासांवर जातो. रोजमेळ जुळविणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हा गुणाकार जड नाहीं!

कोळीवाड्यांतील जाणतीं माणसें तिथीवरून खाडीची भरती सांगतात. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पहिल्या वेळीं सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेंत येते, दुसऱ्या वेळीं काटकोनांत, एवढें जोडून सांगितलें कीं पाठ पुरा झाला.

चंद्रकलांविषयीं मात्र शिकलेल्यांतही भलताच समज आहे. पृथ्वीची सावली पडून चंद्र घटतो, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. सावली पडते ती ग्रहणांत. एरवीं चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेलाच असतो. त्यांतील आपल्याकडे किती वळला आहे, यावर कला ठरते. अंधाऱ्या खोलींत एक दिवा ठेवून मुलानें हात लांब करून चेंडू धरावा व स्वतःभोवतीं सावकाश वळावें. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत सर्व त्यास दिसेल. चेंडू डोक्याहून किंचित् उंच धरावा, नाहीं तर डोक्याची सावली पडून ग्रहण लागेल!

ग्रहणावरून आठवलें. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण झालें. पृथ्वीच्या वातावरणांतून वळलेल्या तांबूस प्रकाशानें चंद्र तांबडा होतो, तो नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यांत कसलाही धोका नाहीं; धोका सूर्यग्रहणांत असतो. तरी अशा रात्रीं मुलांस आंत कोंडणारीं घरें अद्याप आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलें म्हणून पेढे वाटावे आणि ग्रहणास दारें लावावीं, ही विसंगति आम्हांस उलगडत नाहीं.

पावसाळ्यांत आकाश मिळत नाहीं, म्हणून आरंभ आश्विनांत करावा. शुद्ध द्वितीयेपासून मुलांनीं वडाळे तळ्याच्या काठीं किंवा गच्चीवर जाऊन रोजचा चंद्र वहींत काढावा. ढगांनीं एखादी संध्याकाळ खाल्ली तर ती चौकट कोरी ठेवावी, अंदाजानें भरूं नये. कोजागरीस दूध आटत असतांना ती वही घरांतील वडील मंडळींनीं मागून पाहावी.